नलू मावशीचा माईक आणि कपाळावरचा चष्मा

नाचणगावात अफवा अशी की नलू मावशीच्या चष्म्याला नंबरच नाही. स्टेजवर भारी दिसावं म्हणून घालते. पुरावाही होता. बुद्धविहारातल्या कार्यक्रमात माईक तिच्याकडे. कोणी दान दिलं की नावाची चिठ्ठी स्टेजवर जाते, आणि मावशी चष्मा कपाळावर ढकलून ती उघड्या डोळ्यांनी वाचते. मग चष्मा खाली.

अफवा मस्त होती, पण खोटी. मावशीला लांबचं दिसत नाही, जवळचं झकास दिसतं. माणसं पाहायला चष्मा लागतो, चिठ्ठीला लागत नाही.

दिवसा ती शाळेत खिचडी शिजवते. वाफ आली की चष्मा पदराला पूस. पुसून पुसून भिंगावर इतके चरे पडले की स्टेजचा फोकस लागताच तिला सगळं पांढरंफटक. गेल्या जयंतीला तिने पाहुण्यांच्या ड्रायव्हरलाच मान्यवर म्हणून हार घालायला लावला. ड्रायव्हर खुश, पाहुणे लाल. समितीचे अण्णाजी आधी दोनदा खाकरतात, मग बोलतात : "अहं, अहं. नलूबाई, बुद्धपौर्णिमेले माणसं ओळखू नाई आली, तं माईक दुसऱ्याले देऊ."

दुसरा म्हणजे मी, अश्वजित, गावातल्या प्रत्येकाचा आवाज घशात घेऊन फिरणारा. तिच्या हातात माईक पाहिला की माझ्या पोटात मिरची पडते. ती नुसतं "हॅलोऽऽ" म्हणते आणि रडकी पोरं गप्प होतात. मी तोच हॅलो हुबेहूब काढतो, तर लोक हसतात.

ती पुलगावला चष्मा करायला निघाली तेव्हा गाडीवर मीच नेलं. शत्रूची तयारी पाहिलेली बरी.

दुकानदार रुपेशभाऊ नाकातून बोलतो. "मावशीऽ, काच घ्यान तं चरे कमी, पण जड. फायबर हलकं, वरून हार्ड कोट मारून देतो. अन् नंबर प्रोग्रेसिव्हच घ्या. वरून लांबचं, खालून जवळचं. कपाळावर न्यायची कटकटच नाई!"

मी मनात म्हटलं, झालं, आता हिला काही कमी नाही.

मावशीने तपासणीचा चष्मा चढवला, काउंटरवरची स्प्रेची बाटली माईकसारखी तोंडाशी धरली आणि बाटलीच्या बाजूला, डोळ्यांसमोर, एक कागद. "खालून वाचाले हनवटी वर करा लागते. तोंड माईकपासून हटलं का आवाज गेला."

"मंग चिठ्ठी खाली धरा ना."

"मंग लोकाले काय माह्या पापण्या दाखवू?"

मग तिने काचेचा एक चष्मा कपाळावर ढकलला. तो सरळ नाकावर आपटला. फायबरचा ढकलला, तो बसला तिथेच.

"हेच द्या. नुसता लांबचा नंबर, तुमचा तो कोट, अन् लाईट चमकत नाई ते."

"अँटीग्लेअर. ब्लू कट बी टाकू?"

"मले मोबाईल नाई पाहाचा, माणसं पाहाची हाय. अन् पुसाचं फडकं द्या. पदर बंद आता."

परतीच्या वाटेवर माझ्याने राहवेना. "मावशी, फोकसमधून शेवटच्या रांगेतला माणूस तुले ओळखू येतच नाई. लाव पैज!"

"काय लावतं?"

"तू हरली तं आभारप्रदर्शन मी करीन."

"अन् तू हरला तं सतरंज्या उचलजो. साऱ्या."

बुद्धपौर्णिमेला मंडप भरला. मी आईची ओढणी डोक्यावर घेऊन, बायांच्या मागे, शेवटच्या खांबाशी उभा. फोकस लागला. मावशीने एक चिठ्ठी वाचली, चष्मा खाली घेतला, सावकाश मान फिरवली.

"मागच्या खांबाशी जे नवीन सूनबाई उभी हाय, मिशी फुटून राह्यली जिले, तिनं समोर येऊन बसावं. अश्वजित बापू, माय ओढणी शोधून राह्यली असन."

मंडप फुटेस्तोवर हसला. मला इतकं हसू आजवर कधी मिळालं नाही, आणि तेही तिच्याच नावावर जमा झालं. अण्णाजी खाकरले : "अहं, अहं. पुढचा कार्यक्रमबी नलूबाईच घेतीन."

शेवटी तिने आभार मानले. मंडपवाले, साउंडवाले, खीरदान करणारे, "आणि सतरंज्यांची जबाबदारी स्वखुशीने घेणारे आयुष्मान अश्वजित."

मी तेव्हा गुडघ्यावर बसून मागची रिकामी सतरंजी गुंडाळत होतो. माझं नाव इतकं सुरेख कोणी घेतलं नव्हतं. घरी येऊन मी ते तसंच म्हणून पाहिलं. नाही जमलं.