सहाव्या खान्यातली डिस्क

नोकरीतली अनेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. घोटावड्याजवळच्या कारखान्यातले ते प्रकरण मात्र तसेच्या तसे आठवते, कारण ते माझ्या हातून गेले.

एक कंत्राटी कामगार प्रेस मशीनमध्ये सापडून मेला होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. व्यवस्थापक म्हणाले, त्याने स्वतःच संरक्षक जाळी काढली. त्याची बायको ठाण्यात आली तेव्हा रडत नव्हती.

"जाळी आठ दिस आदीच काडल्याली हुती," ती म्हणाली. "फोरमन म्हनायचा, जाळीनं काम हळू व्हतं. ह्यांनी घरी सांगितलं हुतं."

खरे काय ते कॅमेऱ्यात होते. कारखान्यातले चित्रण बारा डिस्क बसवलेल्या एका पेटीत साठायचे, प्रत्येक विभागाची वेगळी डिस्क. त्याच दिवशी मी पंचांसमोर पंचनामा केला. तिथल्या तंत्रज्ञाने पडद्यावर संगणकाने डिस्कना दिलेल्या नावांची यादी दाखवली: एसडीए, एसडीबी, असे एसडीएलपर्यंत. प्रेस विभागाची एसडीएफ. मी पंचनामा लिहिणाऱ्या रायटरला तीच नावे लिहायला लावली. पेटी लगेच न्यायला हवी होती. काम अडेल, सकाळी न्या, असे व्यवस्थापक म्हणाले आणि मी ऐकले.

सकाळी पुन्हा तीच यादी, तीच नावे. डिस्क काढून सील केल्या. संगणक तिथेच राहू दिला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा एसडीएफ कोरी निघाली.

त्याच आठवड्यात कारखान्यात झाडलोट करणारी एक बाई बाजारात माझ्या हवालदाराला भेटली. "माजं नाव कुटं घिऊ नका," ती म्हणाली. "तुमी सकाळी यायच्या आदी त्या कंप्युटरवाल्यानं पेटीतनं एक काडली आन् दुसरी बसवली. मी फरशी पुसत हुते."

तंत्रज्ञ जवळच्या जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याला ठाण्यात बोलावले. "सर, मी काहीच चेंज केलेलं नाही," हे एकच वाक्य तो दोन तास बोलत राहिला. असा माणूस दरडावल्याने बोलता होत नाही. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावे लागते. मी चहा मागवला.

"बाराही डिस्क दिसायला सारख्या. संगणकाला कोणती कुठली ते कसं कळतं?"

तो जरा सैलावला. "सर, एसडीए वगैरे नावं पक्की नसतात. सिस्टीम चालू होताना जी आधी सापडेल तिला पहिलं नाव. पुढच्या वेळी तेच नाव दुसरीलाही मिळू शकतं. खरी ओळख म्हणजे डिस्कवरचा सिरियल नंबर. आणि ती कितव्या खान्यात आहे ते पेटीच सिस्टीमला सांगते. एखादी बदलली की लॉगमध्ये लगेच नोंद..."

तो थांबला. कप खाली ठेवला.

"कितव्या खान्यातली बदललीस?" मी विचारले.

"सहाव्या." तो म्हणाला, "मॅनेजरसाहेबांनी फोडून टाक सांगितलेलं. माझी हिंमत नाही झाली."

डिस्क त्याच्या खोलीत, बॅगेत कपड्यांखाली सापडली. मी चित्रण पाहिले. जाळी भिंतीला टेकवलेली होती. कामगार मशीनकडे बोट दाखवून काही सांगत होता आणि फोरमन हाताच्या खुणेनेच चालू कर म्हणत होता. पुढचे लिहीत नाही.

व्यवस्थापक आणि फोरमनला अटक केली. डिस्क बदलल्याची नोंद असलेला लॉग ताब्यात घ्यायला गेलो, तर दुरुस्तीच्या नावाखाली संगणक कोरा करून टाकला होता. खटला उभा राहीपर्यंत तंत्रज्ञ फिरला. ती डिस्क आपली स्वतःचीच, पेटीतली नव्हे, म्हणाला. झाडणारी बाई साक्षीला आली नाही. तिला मी दोष देत नाही.

उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी माझेच दोन पंचनामे माझ्या हातात दिले.

"पहिल्या दिवशी एसडीएफ. दुसऱ्या दिवशीही एसडीएफ. म्हणजे डिस्क तीच ना?"

"नाव तेच राहतं. डिस्क बदलू शकते."

"मग पहिल्या दिवशी सिरियल नंबर लिहिलात?"

"नाही."

तो नंबर प्रत्येक डिस्कच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. एकेक बाहेर ओढून उतरवून घ्यायला अर्धा तास लागला असता. सापडलेली डिस्क कधीकाळी त्या पेटीत होती, हे सिद्ध करणारे आता काहीच उरले नव्हते, म्हणून तिच्यावरचे चित्रण कोर्टाने पुरावा म्हणून धरले नाही. संशयाचा फायदा मिळून दोघेही सुटले.

कोर्टाच्या आवारात त्या कामगाराची बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सायेब, तुमी सोता बगितलं न्हवं?"

"बघितलं."

"मग त्यांना का न्हाई पटलं?"

"माझ्या लिहिण्यात चूक झाली, ताई."

तिने मान हलवली. रागावली असती तर बरे वाटले असते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पंचनाम्यात खान्याचा क्रमांक आणि सिरियल नंबर मी स्वतः तपासला. नव्या अधिकाऱ्यांनाही तेच शिकवले. वस्तूला कोणी काय नाव दिले ते लिहू नका, वस्तूवर काय आहे ते लिहा. त्यांनी वहीत उतरवून घेतले. हे शिकायला मला एका माणसाचा मृत्यू लागला आणि त्याच्या उपयोगी मी पडलो नाही.

मध्यंतरी त्या बाजूला गेलो होतो. दुपारची पाळी सुटत होती. त्या कामगाराची बायको त्याच कारखान्याच्या गणवेशात बाहेर आली. पॅकिंगमध्ये लागली आहे, असे फाटकावरच्या माणसाने सांगितले. तिने मला ओळखले, नमस्कार केला आणि बसकडे निघून गेली.