डुकराच्या जागी माणूस

दोंडाईच्याजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बंदुकीच्या अर्जात मी डुकराच्या जागी माणूस लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं. वरून दबाव नव्हता. मला वाटलं, बरं दिसेल.

तेव्हा मी जळगावच्या पुरवठा शाखेतून बदलून धुळ्याला आलो होतो आणि शस्त्र परवान्याच्या टेबलावर बसलो होतो. माझा शस्त्रांशी संबंध एवढाच, की जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीनं मी एकदा फुगेवाल्याचा कंदील फोडला होता. पण सरकारी बदलीत तुम्हाला काय येतं हे कोणी विचारत नाही. शिधापत्रिकेच्या टेबलावर सात वर्षं काढून मी एक गोष्ट शिकून आलो होतो: कारण जेवढं मोठं, तेवढा कागद लवकर सरकतो. ही शिकवण साखर-रॉकेलपुरती ठीक होती. मी ती बंदुकीला लावली.

टेबल कंटाळवाणं होतं. लोकांना वाटे, इथे मोठा थरार असेल. थरार कसला! अर्ज घ्या, पोलिसांकडे अहवालाला पाठवा, तहसीलदाराकडे पाठवा, तीन महिन्यांनी आठवण द्या, आठवणीची आठवण द्या. निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करायची पत्रं काढा, निवडणूक संपली की परत द्यायची पत्रं काढा. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. पंखा एकच, आणि तोही वरिष्ठ लिपिकाकडे तोंड करून.

त्यातल्या त्यात करमणूक होती ती रिव्हॉल्वरवाल्यांची. कपड्याआड राहील असं छोटं हत्यार मागायचं तर जिवाला धोका आहे हे दाखवावं लागे, आणि तो कोणापासून, हेही सांगावं लागे. परवाना देताना आम्ही बजावायचो, हत्यार मिरवायचं नाही, लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत न्यायचं नाही, कोणाच्या नजरेला पडता कामा नये. अर्जदार मान डोलवायचे. आणि पुढच्या आठवड्यात तेच गृहस्थ सफारीवरून पट्टा बांधून, शर्ट मागे सारून, बाजारपेठेत पान खाताना दिसायचे. लपवायच्या वस्तूचा परवाना त्यांना दाखवण्यासाठीच हवा असे. एक व्यापारी तर मला म्हणाले, "साहेब, दिसणारच नाही तर घेऊन काय करू?"  नियमांच्या पुस्तकात याचा विचारच केलेला नव्हता.

तर ते म्हातारे शेतकरी, नाना, आले ते आषाढात. धोतर, टोपी, हातात पिशवी, आणि मागे अक्का, म्हणजे त्यांची बायको. नानांच्या वडिलांची ठासणीची बंदूक होती. वडील वारले तशी ती पोलीस ठाण्यात जमा झाली होती. ती नानांना आपल्या नावावर करून हवी होती. त्यांचं रान तापीच्या काठाला, काठाला झुडपं, झुडपांत रानडुकरं. सलग दोन वर्षं भुईमूग भरायच्या वेळेला कळप शिरला होता. दसऱ्याच्या आत बंदूक मिळाली तर या वर्षीचा भुईमूग वाचेल, एवढंच म्हणणं.

"मारत नही आम्ही," नाना म्हणाले. "बार काढा का पळतस. आवाजले भितस."

मी अर्ज पाहिला. 'कशासाठी हवे' या रकान्यात गावातल्या कोणा शिकलेल्यानं लिहिलं होतं: डुकरे भुईमुगात येतात. बस. मला ते वाचून कसंसंच झालं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाणारा कागद, आणि त्यावर डुकरे! साहेब हसतील, बाजूला ठेवतील, म्हाताऱ्याचं काम अडेल. माझ्यासमोर त्या रिव्हॉल्वरवाल्या व्यापाऱ्याची मंजूर झालेली फाइल पडली होती. तिची भाषा काय होती! मी कोरा नमुना काढला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'अर्जदार हे प्रतिष्ठित बागायतदार असून त्यांना शेतावर व बाजारास एकट्याने ये-जा करावी लागते. हितशत्रूंकडून जीवितास धोका संभवतो. सबब आत्मसंरक्षणार्थ.' आणि एवढं लिहिल्यावर पुढच्या रकान्यात ठासणीची बंदूक शोभेना, म्हणून तिथे रिव्हॉल्वर लिहिलं.

"बठ्ठं बराबर शे ना, भाऊ?" नानांनी विचारलं.

"नाना, सगळं बरोबर. आता कोणी अडवून दाखवावं," मी म्हणालो. त्यांनी सही केली. अक्कांनी मला हात जोडले. ते हात मला अजून आठवतात, आणि आठवले की मी दुसरीकडे पाहतो.

अर्ज पोलिसांकडे गेला. पोलिसांनी पोलिसांचं काम केलं. हितशत्रू लिहिलाय तर हितशत्रू शोधायला हवा. हवालदार गावात गेला, पारावर बसला, आणि विचारू लागला, नानांच्या जिवावर कोण उठलंय? सगळे म्हणाले, कोणी नाही. मग त्यानं शेजारच्या बांधाच्या शेतकऱ्यालाच उभं केलं, कारण वैर असलं तर बांधावरच असायचं, हे त्याच्या अनुभवाचं. "तुझ्यापासून यांना धोका आहे का?" असं चारचौघांत विचारलं आणि जबाबावर अंगठा घेतला.

आता हा बांधशेजारी कोण? तर बावीस वर्षं नानांबरोबर राखण वाटून घेणारा माणूस. दोघांच्या रानांच्या मधोमध एकच मचाण. एक रात्र नाना, एक रात्र तो. ज्याची पाळी असेल त्यानं दोन्ही रानं राखायची, डबा बडवायचा, आरोळ्या द्यायच्या. दुसऱ्यानं घरी झोपायचं. वडिलांची बंदूक गेल्यापासून सगळी मदार त्या मचाणावर. त्या दिवशी तो माणूस नानांच्या दारात आला आणि म्हणाला, "मन्हापासून धोका शे ना तुले? मंग राख तू एकलाच." आणि आपल्या रानाच्या पलीकडच्या टोकाला त्यानं स्वतःचं वेगळं मचाण बांधलं.

हे मला कळलं भाद्रपदात, नाना चौकशीला आले तेव्हा. ओरडले नाहीत. नुसते डोळे लाल. रोजची राखण एकट्यावर आली होती. "मी तं कोनले शत्रू म्हनं नही," एवढंच दोन-तीनदा म्हणाले. मी फाइल शोधायचं निमित्त करून कपाटाच्या मागे बराच वेळ उभा राहिलो.

त्याच आठवड्यात अहवाल आला: 'अर्जदारास कोणापासूनही धोका आढळून येत नाही. अर्ज नामंजूर होण्यास हरकत नाही.' साहेबांनी मला बोलावलं. साहेब दमलेले गृहस्थ होते, रागावायलाही त्यांना कष्ट पडत.

"यांच्या वडिलांकडे ठासणीची होती ना?"

"हो सर."

"पिकासाठी ठासणीची मागितली असती तर आपल्याला नाही म्हणायला जागाच नव्हती. कायद्यातच तसं आहे. रिव्हॉल्वर कोणी लिहिलं?"

"अर्जदारानं, सर."

साहेबांनी अर्ज माझ्याकडे फिरवला. "अक्षर तुमचं आहे."

मग नवा अर्ज. नवा म्हणजे पहिल्यापासून: पुन्हा पोलीस, पुन्हा तहसीलदार, पुन्हा आठवणी. रविवारी मीच दोंडाईच्यापर्यंत गाडीनं गेलो आणि पुढे चालत त्यांच्या गावी. नाना मला रानात घेऊन गेले. निम्मं रान उकरलेलं होतं. वेल उलटे पडलेले, फोडलेल्या टरफलांचा खच. डुकरांनी मोठ्या निवांतपणे जेवण केलं होतं. पलीकडे शेजाऱ्याचं मचाण दिसत होतं, आणि त्याच्याही रानाची तीच कळा. एकेकट्यानं रोज कोण जागणार?

मी शेजाऱ्याकडे गेलो. सगळं सांगितलं, डुकरापासून रिव्हॉल्वरपर्यंत. त्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि बांधापलीकडे उभ्या नानांना हाक मारून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडे बोट करून विचारलं, "म्हंजे लिखनारा हाऊच शे?"

"हाऊच," नाना म्हणाले.

मग दोघं बांधावर बसले आणि मला मधे बसवलं. नव्या अर्जातला एकेक शब्द त्यांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. मी थांबलो की शेजारी म्हणे, "पुढे वाच." कारणाच्या रकान्यात 'रानडुकरे भुईमुगात येतात' असं आलं तेव्हा म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. त्या दिवसापासून राखण पुन्हा पाळीनं सुरू झाली, पण राखायला निम्मंच उरलं होतं.

परवाना झाला तो दिवाळी उलटल्यावर. तोवर भुईमूग काढून झाला होता. जो काढायचा होता तो. नाना आणि अक्का परवाना न्यायला आले. नानांनी कागद उलटसुलट पाहिला, घडी करून टोपीत ठेवला. अक्कांनी पदराची गाठ सोडली आणि उरलेल्या भुईमुगाच्या मूठभर शेंगा माझ्या टेबलावर ठेवल्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "अक्का, पुढच्या वर्षी डुकरांची काही खैर नाही हं."

अक्का जायला वळल्या होत्या. त्या थांबल्या.

"भाऊ, तुमनापेक्षा डुक्कर बरं," त्या म्हणाल्या. "खाईसन चालनं जास. लिखत नही."