चारशे सत्तावीसवरचा गोंद

टेप निघाली, पण तिचा गोंद ४२७ या आकड्यावर तसाच राहिला. आणि सुभेदार समोरच स्टुलावर बसले होते.

सांगलीत मी बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल्स बनवते. माण तालुक्यातल्या या निवृत्त सुभेदारांनी लाकडी रणगाडा आणला, तेव्हा बिल्डिंग नाही म्हणूनच मी तो हौसेने घेतला. हिरवा रंग नव्याने द्यायचा होता, फक्त पांढरा आकडा जपायचा होता. तो त्यांच्या फौजेतल्या जोडीदाराने, त्यांच्याच रणगाड्याच्या ड्रायव्हरने, स्वतःच्या हाताने रंगवलेला. जोडीदार गेल्या वर्षी वारला. वर्षश्राद्धाला हे मॉडेल आष्ट्याला त्याच्या बायकोकडे द्यायचं होतं.

जिथे रंग लागू नये तिथे टेप चिकटवून वरून स्प्रे मारायचा, याला आम्ही मास्किंग म्हणतो. खाली जुना रंग असेल तर टेप आधी तळहाताला दोनदा लावून तिचा चिकटपणा कमी करतात. मला हे पाठ आहे. पण हिरवा रंग आत झिरपेल या धास्तीने मी कोरी टेप घेतली आणि नखाने घट्ट दाबली. वर एका साइटच्या गडबडीत ती आठ दिवस तशीच राहिली. एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा. गोंद रंगातच बसला. शहाणपणा नडला, दुसरं काय.

"थिनर लावा की," सुभेदार म्हणाले.

"गोंद जाईल, पण आकडाही जाईल."

"मग नगं."

मॉडेलच्या तळाला त्याच पांढऱ्या रंगाचा एक ठिपका उडालेला होता. तेलानेही गोंद सुटतो, म्हणून आधी त्यावर खोबरेल तेल लावून पाहिलं. रंग टिकला. मग आकड्यावर तेल लावून अर्धा तास थांबले. कापसाचा बोळा घासायचा नाही, नुसता लोळवायचा. चारवरचा गोंद निघाला. दोनही स्वच्छ झाला. सातची शेपटी मात्र बोळ्यावर आली.

मी बोळा खाली ठेवला.

"सुभेदारसाहेब, चूक माझी आहे. तेवढा तुकडा मी भरून देते. कुणाला कळणार नाही."

त्यांनी मॉडेल उजेडाला धरलं.

"वैनीस्नी कळंल. त्याचा हात हाय ह्यो."

"मग?"

"ऱ्हाऊ द्या तसाच. त्यानं रंगिवलंय तेवढंच जाऊ द्या घरला. तुमी हात नगा लावू आता."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी तेल साबणाच्या पाण्याने पुसलं आणि मॉडेल बांधून दिलं. रिक्षात ते मॉडेल मांडीवर घेऊनच बसले.

आता जुनं काम आलं की मी आधी विचारते, यातलं काय गेलं तर चालणार नाही? तेवढ्याला टेप लावतच नाही. कडेकडेने बारीक ब्रश फिरवते. मान दुखते, पण गेलेलं परत रंगवता येत नाही.