पाच प्रतींचा फॉर्म

माझा नवरा आयटीच्या लाटेत पुण्याहून कोबेला आला आणि त्याच्यामागे मी. तिथल्या एका छोट्या शिपिंग ऑफिसात मला अरुबाइतो मिळालं, म्हणजे अर्धवेळ काम. इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरवर इंग्रजी कागद टाइप करायचे. त्यात पाकळ्या-पाकळ्यांची एक प्लॅस्टिकची चकती, प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर. बटण दाबलं की चकती गर्रकन फिरायची आणि मागून हातोडी ठोका मारायची. नवरा त्याला "तुझं म्युझियम" म्हणायचा. पोहे खायला आलेल्या मित्रांपुढेही म्हणायचा, आणि ते टोणगे हसायचे. शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नव्हतं एकालाही.

पुढे ऑफिसनं नवी सिस्टीम घ्यायचं ठरवलं आणि काम नेमकं नवऱ्याच्याच कंपनीला मिळालं. महिनाअखेर टाइपरायटर जाणार, म्हणजे मीही जाणार. घराबाहेर माझं म्हणावं असं तेवढंच होतं, पण त्याला त्याचं काय.

जहाजाच्या मालाचा फॉर्म पाच प्रतींचा, मध्ये कार्बन, कडेला चिकटवलेला. वर ठोका बसला की अक्षर खालपर्यंत उमटतं. नव्या सिस्टीमचा लेझर प्रिंटर ठोका मारत नाही, हे मी घरी दोनदा सांगितलं होतं. "तू नको टेन्शन घेऊ," म्हणाला. सिस्टीम सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी त्याच्या कंपनीच्या या पठ्ठ्यांनी काय करावं? पाचही पानं सोलून सुटी केली आणि एकेक करून प्रिंटरमधून काढली. सुटी केली की फॉर्म रद्द, हे ऑफिसात चहा देणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. बंदरावरून सगळे कागद परत आले, आणि जहाज त्याच संध्याकाळी सुटणार. नवरा म्हणे, फॉर्मच जुनाट आहे. नाचता येईना अंगण वाकडं!

मी बसले आणि तासाभरात सगळे फॉर्म नव्यानं ठोकून दिले. एक चूक नाही.

साहेब खूश झाले. टाइपरायटर ठेवायचा म्हणाले, आणि वळून विचारलं कुणाला, तर माझ्या नवऱ्याला. "तुमच्या मिसेस पुढेही येऊ शकतील का?"

तो म्हणाला, "येईल की. तेवढाच तिचा वेळ जातो."

माझं डोकंच फिरलं. मोडक्यातोडक्या जपानीत मी म्हटलं, "काम मी करते. मला विचारा."

साहेबांनी कमरेत वाकून माझी माफी मागितली आणि मला विचारलं. मी हो म्हटलं. नवऱ्यानं आजतागायत माफी मागितलेली नाही.