दोन कप्प्यांची पेशी

इस्पितळात नसा तपासायच्या मशीनवर बाईंची वीस वर्षं गेली. रुग्णाच्या स्नायूवर तारा चिकटवायच्या, त्यातली वीज पडद्यावर कशी उमटते ते बघायचं, कागद मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायचा. मत द्यायचं नाही. बाईंना मत आहे, हेच कुणाच्या गावी नव्हतं.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीला अपघात झाला. मणका दुखावला, पायांतलं बळ गेलं, आणि वर एक नवीच पीडा मागे लागली. नुसती चादर घासली तरी पाय ताठ व्हायचा, आणि चादर काढून घेतली तरी कितीतरी वेळ सुटायचा नाही.

"घाबरून ताठ धरता तुम्ही," मोठे डॉक्टर म्हणाले. "मन शांत ठेवा."

"अहो, मी धरत नाहीये!" ताई म्हणाली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेलेसुद्धा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ताईच्या पायाला तारा लावल्या. चादर दूर केल्यावरही पडद्यावरची रेघ थरथरतच होती. म्हणजे स्नायूला हुकूम सोडणारी कण्यातली पेशीच गप्प बसत नव्हती. पण पटवायचं कसं?

पंचेचाळिसाव्या वर्षी बाई कॉम्प्युटरवर गणितं मांडायला शिकल्या. ती पेशी गणितात उतरवताना आधी अख्खी पेशी म्हणजे एकच कप्पा धरला, सगळीकडे सारखीच वीज. वीज दिली की स्नायूला हुकूम देणारे विजेचे ठोके सुरू, काढली की बंद. मग पेशीला फुटलेल्या फांद्यांसाठी दुसरा कप्पा जोडला, आणि त्यात एकदा उघडलं की लवकर न मिटणारं, वीज आत घेणारं दार ठेवलं. आता वीज काढली, तरी ठोके पडतच राहिले. अगदी ताईच्या पायासारखे.

विभागाच्या बैठकीत बाईंनी हे मांडलं, तेव्हा हशा पिकला.

"आमच्या मॉडेलात तीनशे कप्पे आहेत," मोठे डॉक्टर म्हणाले. "हे खेळणं आहे, बाई."

"असू दे की. यातलं हे दार बंद केलं की पेशी गप्प होते. तुमच्या तीनशेंत कुठलं दार बंद करू, दाखवा."

डॉक्टर चष्मा पुसू लागले. "आणखी पन्नास कप्पे घाला, मग तुमच्या लेखाला माझं नाव देतो."

"एकही घालणार नाही. आणि नाव माझं पुरे."

लेख दोनदा साभार परत आला. तिसऱ्यांदा छापून आला, एकट्या बाईंच्या नावावर. ताईचा पाय त्यानं बरा झाला नाही. पण पुढच्या खेपेला ती इस्पितळात दाखल असताना मोठे डॉक्टर फेरीवर आले, तेव्हा तिनं तो अंक त्यांच्या हातात ठेवला.

"बसा, वाचा. अडलं तर विचारा. माझी धाकटी बहीण आहे, समजावून सांगेल."