दाजींची ‘तडी’

फोन भाच्याचा होता. सकाळच्या बैठकीत, पहिल्या पानावर काय घ्यायचं यावर वाद चालू असताना तो आला. “मामा, आप्पा गेले,” नितीन म्हणाला. सवयीने केव्हा, कुठे, कशाने हे तीन प्रश्न विचारले गेले आणि तिन्हींची उत्तरं मिळाली. आज सकाळी, माळावर शेरडांच्या वाड्यापाशी, छातीत कळ येऊन. चौथी गोष्ट त्याने न विचारता सांगितली. “आईला गाडी चालू करता आली नाही. बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणलं, तोवर...” तो पुण्याहून निघत होता. सोलापुरातून मीही निघालो.

आप्पा म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान गुरुसिद्धप्पा, मूळचे अक्कलकोटकडचे. तरुणपणी श्रीपूरला साखर कारखान्यात फिटर म्हणून आले. माळशिरस तालुक्यातल्या आमच्या आक्काशी त्यांनी लग्न केलं, ते दोन्ही घरांना मान्य नव्हतं. आमच्याकडचा राग नितीनच्या जन्मानंतर निवळला. त्यांच्याकडचा निवळला नाही. दाजींचं गावाकडे जाणं थांबलं, आणि घरात बोलायला कुणी न उरल्याने त्यांचं कानडीही थांबलं. निदान आमची समजूत तशी होती. मराठी ते सावकाश, एकेक शब्द जागेवर बसवल्यासारखं बोलत. नितीनला त्यांनी कानडी शिकवलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दोघं आक्काच्या वाटणीच्या माळावर राहायला गेली आणि शेरडं पाळली. माळ दगडाचा, चढाचा. विहीर खाली ओढ्याजवळ, वाडा वर. मधल्या वाटेने टेम्पो येत नाही. त्यासाठी दाजींनी भंगारातून एक मालवाहू तीनचाकी आणली. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, चाकावर दोरी गुंडाळून जोरात ओढली की सुरू होणारं. कागदपत्रांची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे डांबरी रस्ता तिला बंद. त्यांनी वरचा टप कापून काढला, मागे जाड नक्षीचे टायर चढवले, हौद्यात पाण्याचं पिंप बांधलं. सुरू करायची दाजींनी आणि चालवायची आक्काने, अशी त्यांची वाटणी होती, कारण दाजींना एका डोळ्याने अंधुक दिसायचं. मालक मागे पिंपाला धरून उभा आणि मालकीण हँडलवर, हे पाहून गावातले लोक विचारायचे, “आक्का, हमाल कुठला आणला?” आक्का म्हणायची, “कानडी मुलखातला. टिकाऊ हाय.”

गाडी सहज सुरू होत नसे. दाजी इंजिनापाशी दगडावर बसत, हात लावत, आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द पुटपुटत, “तडी... तडी...” आमच्याकडे तडी म्हणजे दमदाटी. शांत माणूस गाडीला तेवढा दम देतो, असं सगळ्यांनी धरलं आणि त्याचा विनोद केला. घरात कुणी हट्टाला पेटलं की आक्का म्हणायची, “ह्याला जरा तडी द्या की, तुमच्या गाडीवानी.” दाजी हसत. त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही.

दिवसकार्य झालं तरी नितीन पुण्याला परतला नाही. आईला घेऊनच जायचं, असं त्याने ठरवलं होतं. शेरडं विकायची, वाडा बंद करायचा. त्याचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. वडील पडले तेव्हा जी गाडी सुरू झाली नाही, तिच्या भरवशावर आईला एकटीला तिथे कसं ठेवायचं? आक्काने ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. “गाडी चालू झाली तर मी हितंच र्‍हानार. न्हाय झाली तर तू म्हनशील तितं येती.”

मग गाडीमागे सगळे लागले. गावातला मेस्त्री आला. इंजिनाच्या पंपात हवा शिरली आहे, असं सांगून त्याने ती काढली आणि गाडी सुरू करून दाखवली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा गप्प. त्याने फिल्टर बदलला, पुन्हा सुरू केली. रात्र गेली की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोलावल्यावर त्याने भंगारवाल्याचं नाव सुचवलं. त्या दिवसांत आक्का एका जागी बसत नव्हती. विहिरीवरून डोक्यावर घागरी आणायची, वाड्यात ओतायची, लगेच परत फिरायची. बस म्हटलं तर म्हणायची, “बसल्यावर मला त्यो दिस दिसतो. दोरी वडतीया, वडतीया... हाताची सालं निगाली रं.” गाडी सुरू झाली असती तरी दाजी वाचले नसते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आक्काने ते ऐकलं होतं, पण तिला ते पटलं नव्हतं.

त्याच सुमारास दाजींची थोरली बहीण नीलव्वा आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. आक्का तिला ‘वन्सं’ म्हणाली आणि दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. नीलव्वाला मराठी मोडकंतोडकं येत होतं. ती वाड्याच्या सावलीत बसून राहिली.

नितीन पुन्हा गाडीशी झटत होता. टाकीचा कॉक उघडला की लगेच दोरी, दोरी सुटली की परत गुंडाळून परत झटका. शेवटी त्याने चाकाला लाथ घातली आणि वडिलांसारखाच, पण ओरडून म्हणाला, “तडी! तडी!”

नीलव्वाने मान वर केली. “तडी तडी म्हन्तोस, आनि वढतोस बी? मग तडी कशाला?”

“म्हणजे काय, आत्या?”

“तडी म्हंजे थांब. आमच्यात थांब म्हन्तेत. लेकराला न्हाई का म्हनत, तडी, गरम हाय.”

नितीनच्या हातातली दोरी तशीच राहिली. कुणीच काही करत नसल्यामुळे सगळ्यांचं लक्ष टाकीखालच्या पारदर्शक नळीकडे गेलं. डिझेल तिच्यातून मुंगीच्या गतीने खाली येत होतं. मधला हवेचा बुडबुडा हळूहळू वर सरकत होता. दाजी रात्री कॉक बंद करत, आक्काही करायची, आणि रात्रीतून खालची नळी रिकामी होई. सकाळी उघडल्यावर नळी भरायला वेळ लागे. त्याआधी दोरी ओढली की पंप हवाच ओढून घेई, आणि पुढच्या प्रत्येक झटक्याने ती आणखी आत जाई. दम देणारा माणूस म्हणून ज्याला आम्ही हसलो, तो गाडीला नाही, स्वतःला थांबवत होता.

मेस्त्रीने केली होती तशी नितीनने आधी पंपातली हवा काढली. मग पुन्हा वाट पाहिली. आक्का तिथेच येरझाऱ्या घालत होती. नळी भरली. एका झटक्यात इंजिन लागलं आणि शेरडं बिथरून कोपऱ्यात गेली. आक्का हँडलवर बसली नाही. ती नितीनसमोर उभी राहिली. “म्हंजे त्या दिशी मी जरा थांबली असती तर...”

“आई, ते तेव्हाच गेले होते,” नितीन म्हणाला. “मी डॉक्टरांना दोनदा विचारलंय. पहिल्यांदा तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा माझ्यासाठी.”

तो दोन दिवसांनी एकटाच पुण्याला गेला.

आक्का आता गाडी स्वतः सुरू करते. परवा फोनवर तिला विचारलं, नळी भरेपर्यंत काय करतेस? इंजिनापाशी बसते, म्हणाली. दाजी बसायचे तिथेच, दगडावर. “पयलं मी वर हँडलवर बसून वराडायची, उरका, उरका. आता खाली बसती आन् तसंच उरका म्हनायला त्वांड उगडतं... मग ध्यानात येतं, उरकायचं आपल्यालाच हाय.”