टाकीमागचा अ‍ॅक्सल

मागच्या वेळी फोनवर घर दाखवताना पाण्याच्या टाकीमागे पडलेलं लोखंड तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, आज्जी, ते काय आहे? तेव्हा मी विषय बदलला, कारण तुमचा काका शेजारीच उभा होता. आता नीट लिहिते.

काकाचा ट्रक उसाचा. बोरगावच्या नदीकाठच्या काळ्या रानात त्याची पुढची चाकं दरवर्षी रुतायची. म्हणून गेल्या वर्षी हंगामाआधी त्यानं मोठे, रुंद टायर घालायचं ठरवलं. गाडीचं काम बघणारे मिस्त्री म्हणाले, मग पुढचा अ‍ॅक्सलही दणकट हवा. अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांमधलं आडवं लोखंड. त्याच्या दोन्ही टोकांना जाड दांडे असतात, त्यांना ते स्टब म्हणतात. चाक त्यावर फिरतं. रुंद चाक बाहेर सरकतं आणि स्टबवरचा ताण वाढतो. भरलेली बादली अंगाजवळ धरून पाहा, मग हात लांब करून धरा, म्हणजे कळेल.

निपाणीच्या जुन्या सामानवाल्याकडे दोन अ‍ॅक्सल होते. एक मोठ्या ट्रकचा, जाडजूड. तो बसवायला स्प्रिंगच्या पाट्यांपासून ब्रेकच्या नळ्यांपर्यंत सगळं बदलावं लागलं असतं. दुसरा आहे त्याच बोल्टांवर बसणारा, आणि त्याच्यासोबत इंग्रजी माहितीचा कागद. दसरा तोंडावर आला होता.

"ह्या दुसऱ्याचा स्टब जरा बारीक वाटतोय मला," मिस्त्रींनी अंगठ्यानं चाचपून सांगितलं.

"कागद आईला दाखवू," काका म्हणाला.

आमच्या घरी इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात. किती वजन पेलेल तो आकडा मी पाहिला. ट्रकच्या पुढच्या भारापेक्षा तो जास्त होता. "पुरे," मी म्हणाले. दोन दिवसांत मिस्त्रींनी तोच अ‍ॅक्सल बसवला. तीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस माझ्या एका शब्दावर गप्प झाला, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मी तो कागद फाइलला लावायला घेतला. भोक पाडण्यासाठी उलटा केला तेव्हा मागच्या बाजूची बारीक ओळ दिसली. वजनाचा आकडा मूळ मापाच्या टायरला आणि रिमला लागू होता. रुंद रिम घातली तर तो धरायचा नाही, असं तिथं छापलं होतं. आयुष्यभर मुलांना सांगत आले, प्रश्नपत्रिका उलटून बघा म्हणून.

मी अंगणात गेले. ट्रकला झेंडूच्या माळा घातलेल्या. पोत्यावर पाने, जॅक, हातोडे मांडलेले, सगळ्यांवर हळदकुंकू. मी ती ओळ वाचून दाखवली आणि चाकं उतरवा म्हटलं.

"आक्का, आता पाना उचलायचा न्हाय," मिस्त्री म्हणाले. "उद्या गाडी शिव ओलांडून सोनं घेऊन परत आली, की मगच."

"मग उद्या माणसं तरी बसवू नका."

काका हसला. "आई, गल्लीतली सगळी दरसाल बसत्यात. अन् गाडी मोकळीच हाय की."

दसऱ्याला दुपारी मागे पंधरा-वीस माणसं चढली. शेजारची म्हातारी वरून म्हणाली, "मास्तरीणबाई, सणासुदीचं तोंड का पाडलंय? पोराची गाडी हाय, जरा हसा की."

मी पुढं केबिनमध्ये बसले, डाव्या चाकाच्या वर. 'पुरे' मीच म्हणाले होते.

जाताना काही झालं नाही. देवळापाशी आपट्याची पानं वाटली, नमस्कार झाले. परतताना कालव्याच्या पुलाआधीच्या वळणावर खालून आवाज आला. कट्ट. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. मागे पोरं गात होती. मी काकाकडे पाहिलं. त्याचे हात स्टेअरिंगवर आवळले होते. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

"थांबव रे."

"पूल संपला की थांबतो."

"पुलाआधी."

त्यानं गाडी थांबवली. खाली उतरला, चाकाजवळ वाकला, तिथंच बराच वेळ राहिला. मग उठून मागच्यांना म्हणाला, "उतरा सगळी. चालत जाऊया." आवाज अगदी साधा होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

गाडी शिवेबाहेरच राहिली, तरी मिस्त्री कुंकू लागलेला पाना घेऊन आले. चाक काढून त्यांनी स्टब डिझेलनं पुसला. दांडा जिथं अ‍ॅक्सलला मिळतो, तिथं अर्धी गोलाई व्यापणारी केसाएवढी रेघ होती. रेघेत गंज होता. म्हणजे चीर आम्ही अ‍ॅक्सल घेण्याआधीचीच. रुंद चाकांनी ती फक्त उघडली. मिस्त्रींनी माझा हात धरून बोट त्या रेघेवर ठेवलं.

काकानं नंतर तो जाड अ‍ॅक्सल बसवला. हंगामाचा पहिला पंधरवडा बुडाला. हा चिरलेला परत न्यायला सामानवाला आला होता. "वेल्डिंग मारलं की आणि दोन हंगाम चालतंय, आक्का," असं सहज म्हणाला. मी दिला नाही. गॅसनं कापून टाकायला सांगितलंय, पण ते काम अजून झालेलं नाही.

त्यानंतर तो विकत मागायला तिघं ट्रकवाले येऊन गेले. परवा आलेल्यानं फाटकातूनच टाकीमागे नजर टाकली. चीर दाखवते म्हटलं, तर म्हणाला, "बघायचं काय त्यात, बसतोय न्हवं?" त्याचा ट्रक बाहेर उभा होता. पुढची चाकं नवी, रुंद होती, आणि केबिनमध्ये त्याची बायको मांडीवर मूल घेऊन बसली होती.

तो पुन्हा येणार आहे. हल्ली मी दुपारीही फाटकाला कुलूप लावते.